खजिना शोधायला इंटरनेट कशाला?

महोदय,

विज्ञान दिनाला हल्ली नागपुरातल्या बऱ्याच शाळा आवारात क्यूआर कोड लावून 'खजिना शोध' खेळ घेतात. महाल भागातल्या एका अनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवते. आमची सहावी-सातवीची मुले हा खेळ जीव तोडून खेळतात. म्हणूनच आयोजक शिक्षकांना विनंती आहे: कोडमध्ये वेबसाइटची लिंक भरू नका, पुढच्या जागेची खूण थेट मजकूर म्हणून भरा.

कोड म्हटला की इंटरनेट हवेच, हा समज चुकीचा आहे. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा यांनी तो तयार केला मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. माहिती त्या काळ्या-पांढऱ्या चौकटींतच असते. साधा मजकूर डेटा बंद करूनही वाचता येतो. फक्त फोन आधी तपासा, काही फोन मजकूर दाखवायचा सोडून तो गुगलवर शोधायला निघतात. लिंकचे काय होते ते ओळखीच्या एका शाळेत पाहिले. फुकटात बनवलेल्या कोडची मुदत संपलेली, ऐन खेळाच्या वेळी 'पैसे भरा' असे पान उघडले. मुले उन्हात ताटकळली, त्यांचे उतरलेले चेहरे बघवत नव्हते.

मजकूर मात्र दोन ओळींतच बसवावा. देवनागरी अक्षर इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा घेते. मजकूर लांबला की चौकटी बारीक होतात आणि जुन्या फोनला वाचता येत नाहीत. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी 'एच' निवडली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड चालतो, पण चौकटी वाढतात. कडेची पांढरी जागा कापू नये. चकचकीत लॅमिनेशन उन्हात चमकते, तेव्हा कोड सावलीत लावावा.

खरे महत्त्व प्रश्नाला आहे. प्रश्न फोनवर दिसावा, उत्तर आवारात सापडावे. आमच्या कडुनिंबाला सुतळीने बांधलेला कोड (झाडाला खिळे कृपया ठोकू नका) सांगतो, 'माझ्या सावलीवरून माझी उंची काढा.' मुले मीटरपट्टी उभी धरतात, दोन्ही सावल्या मोजतात, गुणोत्तर मांडतात. पूर्ण मीटरमध्ये आलेला आकडा म्हणजे पुढच्या पाकिटाचा क्रमांक. वर्गात त्रैराशिकाला कंटाळणारी मुले इथे आकड्यावरून एकमेकांशी वाद घालतात! दुसरा कोड पोषण आहाराच्या स्वयंपाकघराबाहेर असतो: आज किती किलो तांदूळ शिजला, ताईंना विचारा. एरवी ताट घेऊन पुढे सरकणारी मुले त्या दिवशी त्यांच्याशी बोलतात. ताईही हातातले काम ठेवून हौसेने समजावून सांगतात.

मुलांना घरून फोन आणायला सांगू नये. आमच्या अनेक मुलांच्या घरी एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. गटाला शिक्षकांचा एक फोन पुरतो; एकाने स्कॅन करावे, दुसऱ्याने मोठ्याने वाचावे, तिसऱ्याने लिहावे, आणि ही कामे दर थांब्यावर बदलावीत. प्रत्येक गटाची सुरुवात वेगळ्या जागेवरून केली की एकाच कोडभोवती झुंबड उडत नाही.

शिक्षण विभागाने विज्ञान शिक्षकांसाठी याचे तासाभराचे प्रात्यक्षिक ठेवावे. आणि पुढे हा खेळ आवाराबाहेरही न्यावा. नागपुरातल्या झिरो माइलच्या खांबावर मैलांत कोरलेली गावोगावची अंतरे किलोमीटरमध्ये करून द्या, एवढे एक कोडे मुलांना तिथे बराच वेळ रमवील.

– एक विज्ञान शिक्षिका, महाल, नागपूर