क्लिपबोर्ड घेऊन उभी राहणार आहेस म्हणून

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू सांगितलंस की शनिवारपासून डॅलसमध्ये, थोड्या गांजासाठी पोलिसांनी कुणाला पकडू नये अशा अर्जावर सह्या गोळा करायला उभी राहणार आहेस, आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन आईकडे दिला. तुला वाटलं, बाबा चिडले. आईलाही तसंच वाटलं. रात्री जेवताना "आजींना कळलं तर?" हे तिने मला तीनदा ऐकवलं. खरं सांगतो, चिडलो नव्हतो. मला १९९६ सालचा एक रविवार आठवला होता, आणि ते फोनवर सांगणं जमलं नसतं. तू मराठी सावकाश वाचतेस, म्हणून सावकाशच वाच.

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला येऊन मला सहा महिने झाले होते. नोकरीपुरता एच-वन व्हिसा, एका खोलीत दोघं, गाडी तिसऱ्याची. सकाळी दूध आणि कोथिंबीर आणायला गेलो, तर दुकानाच्या दाराशी घडीचं टेबल टाकून एक पिकल्या केसांची बाई उभी. हातात क्लिपबोर्ड. टेबलाला कागद चिकटवलेला, त्यावर कॅन्सर आणि एड्सच्या पेशंटांबद्दल काहीतरी, आणि खाली तो शब्द. चिऊ, मी ज्या गावातून आलो तिथे गांजा म्हटला की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर यायच्या: मठातल्या बैराग्याची चिलीम, नाहीतर पोलिसाचा पंचनामा. भांगेचं तसं नाही, महाशिवरात्रीला ती घरातली माणसंसुद्धा घ्यायची आणि कुणी काही बोलायचं नाही. पण गांजेकस ही शिवी होती. मी मान खाली घातली, तिच्या "गुड मॉर्निंग"ला उत्तर न देता आत गेलो आणि बाहेर पडताना दुसऱ्या दाराने निघालो. मतदार नव्हतो, सही तशीही चालली नसती. पण मी पळालो ते पासपोर्टमधल्या शिक्क्याच्या भीतीने.

सोमवारी डबा खाताना हे मी गंमत म्हणून सांगितलं. आमच्या टेस्टिंगच्या खोलीत एक उंच, अबोल माणूस होता, माझ्या आईने पाठवलेल्या लोणच्याचा भक्त. तो हसला नाही. म्हणाला, माझा जोडीदार ब्याण्णव साली गेला. शेवटच्या महिन्यांत त्याच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलच्या वॉर्ड ८६ मध्ये एक म्हातारी बाई गांजा घातलेल्या ब्राउनी आणून द्यायची, त्या खाल्ल्या की तो तासाभराने जेवायचा. एवढंच बोलून त्याने पोळीचा तुकडा लोणच्याला लावला.

ती बाई म्हणजे मेरी रॅथबन, सगळं शहर तिला ब्राउनी मेरी म्हणायचं. हॉटेलात वेट्रेस म्हणून आयुष्य घालवलेली. १९८१ मध्ये घरी छापा पडला, तेव्हा साठीला आलेली. शिक्षा म्हणून समाजसेवेचे तास लागले, ते तिने पुरे केले आणि नंतरही सेवा सोडली नाही. एड्स पसरला तशी ती वॉर्डातल्या आजारी पोरांना "माझी मुलं" म्हणायला लागली. १९९२ मध्ये पुन्हा अटक झाली. पण तोवर शहर तिच्या बाजूला आलं होतं, त्याच ऑगस्टमध्ये शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने एक दिवस तिच्या नावाने जाहीर केला.

त्याच शहरातल्या डेनिस पेरॉनचं नाव तू ऐकलं असशील. व्हिएतनाम युद्धातून परतलेला, गांजा विकणारा, वारंवार पकडला गेलेला. १९९० च्या जानेवारीत त्याच्या घरी पोलीस आले. त्याचा जोडीदार जोनाथन एड्सने खंगलेला. कोर्टात त्यानेच साक्ष दिली की तो गांजा माझा, औषधासाठीचा. थोड्याच दिवसांत तो गेला. पेरॉनने दुःख बाजूला ठेवून, किंवा दुःखामुळेच म्हण, १९९१ मध्ये औषधी गांजासाठी शहरापुरता ठराव मतदानाला आणला आणि दहांतल्या जवळजवळ आठ जणांनी हो म्हटलं. मग तसाच अख्ख्या कॅलिफोर्नियासाठीचा प्रस्ताव, प्रपोझिशन २१५. तो मतदानाला ठेवायला चार लाख तेहतीस हजारांवर सह्या लागत होत्या, आणि इथे तुला न आवडणारी गोष्ट सांगतो. नुसत्या स्वयंसेवकांच्या जिवावर तो आकडा गाठला जात नव्हता. बड्या देणगीदारांचा पैसा आला, सह्या गोळा करायला पगारी माणसं नेमली गेली, तेव्हा काम पुरं झालं. नोव्हेंबर १९९६ मध्ये ५५.६ टक्के मतांनी तो मंजूर झाला. चळवळ म्हणजे सगळं सोवळ्यातलं असतं असं समजू नकोस, एवढंच.

वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, करमणुकीसाठीही गांजा मोकळा करायचा प्रस्ताव आला तेव्हा याच पेरॉनने विरोध केला. त्याचं म्हणणं, सगळाच वापर औषध आहे, आणि हा कायदा बड्या धंदेवाल्यांचा आहे. मी तोवर नागरिक झालो होतो. मी हो म्हणून मत दिलं. आता इथली, कॅलिफोर्नियातली गांजाची दुकानं बघतो, काचेचं कपाट, पिवळे दिवे, सराफाच्या पेढीसारखी, तेव्हा कधीकधी वाटतं म्हाताऱ्याचं थोडं ऐकायला हवं होतं. तरी मत बदललेलं नाही.

आता तुझं टेक्सास. तिथे राज्यभर सह्या करून कायदा मांडायची सोयच नाही, आणि विधिमंडळ विषम वर्षी १४० दिवस भरतं. म्हणून तुम्ही शहरांच्या सनदेतून, म्हणजे शहराच्या मूळ नियमावलीतून, वाट काढता आहात, हे मला पटलं. ऑस्टिनने २०२२ च्या मे महिन्यात ८५ टक्क्यांनी तसा ठराव केलाच की. पण जानेवारी २०२४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने ऑस्टिन, सॅन मार्कोस, किलीन, एल्गिन आणि डेंटन या पाचही शहरांवर खटला भरला. तेव्हा वीस हजार सह्या झाल्या, मतदान जिंकलं, तरी पोलिसांनी पकडू नये एवढाच तो ठराव आहे; गुन्हा पुस्तकात तसाच राहणार. दोन औंसाच्या आत सापडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड. आणि व्हेपच्या नळीतला अर्क तर एक ग्रॅमच्या आत असला तरी फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. हे तुझ्या रूममेटलाही सांग. तिच्या बॅगेत काय असतं ते मी विचारत नाही.

तू म्हणालीस, दादालाही सोबत नेणार. इथे मात्र मी आडवा येतो. तुझा जन्म सांता क्लाराचा, तू नागरिक. दादा, तुझा मामेभाऊ, एच-वनवर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. केंद्राच्या कायद्याने गांजा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या यादीत घातलेला, हेरॉइनच्या शेजारी. नागरिक नसलेल्या माणसाने "हो, मी कॅलिफोर्नियात ओढला होता" एवढं अधिकाऱ्यासमोर कबूल केलं, तरी पुन्हा देशात शिरताना अडकू शकतो, शिक्षा झालेली नसली तरी. गांजाच्या दुकानात नुसती नोकरी केली म्हणूनही नागरिकत्व नाकारता येतं, तसं २०१९ मध्ये लेखी काढलं आहे. सही मागणं गुन्हा नाही, मला माहीत आहे. पण उन्हात उभं राहिलं की माणसं गप्पा मारतात, कुणी विचारतं "तू कधी घेतोस का?", दुसरा फोनवर चित्रण करतो. तू तिथे हसून उत्तर देऊ शकतेस. त्याला ती चैन नाही. त्याला घरी बसून याद्या तपासायला दे, भित्रा म्हणू नकोस.

आणि गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात टेबल टाकायची तुझी कल्पना. मंडळातले काका नाकं मुरडतील, ते मुरडू देत. पण ती सगळी माणसं राहतात प्लेनो, फ्रिस्को, आयर्विंगला! डॅलस शहराचा मतदार नसेल तर सही बाद. श्रीखंडाच्या रांगेत तुला शंभर सह्या मिळतील आणि त्यातल्या पाच टिकतील. त्यापेक्षा शहराच्या दक्षिण भागात जा, तिथे कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी. २०१० च्या अटकांचा देशभराचा हिशोब एसीएलयू या नागरी हक्कांच्या संस्थेने मांडला होता: गांजासाठी पकडलं जाण्याची शक्यता कृष्णवर्णीयाला गोऱ्याच्या पावणेचार पट, ओढण्याचं प्रमाण दोघांत जवळपास सारखंच. पाडव्याच्या मांडवातल्या कुणाचा भाऊ यात आत गेलेला मला माहीत नाही. तिथे दारोदार भेटतील.

मान खाली घालून पुढे जाणारे खूप असतील. त्यांच्या पाठीमागे काही बोलू नकोस. एखाद्याच्या खिशात माझ्यासारखा पासपोर्ट असेल.

आजीला मीच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग विचारलं, "त्या ब्राउनीवालीला पोरं होती का?" म्हटलं, एक मुलगी होती, तरुणपणीच अपघातात गेली. "तरीच," म्हणाली, आणि देवापुढची वात पुढे सारली.

सोबत दोन डझन पेनं पाठवतो आहे. साधी बॉलपेनं आहेत, जेलची नकोत. घामाने शाई पसरली की जन्मतारीख वाचता येत नाही आणि सही जाते. घडीची खुर्ची आईने घातली आहे, टोपी माझी आहे.

तुझा,
बाबा