जुन्या गाडीचे ब्रेक ट्रॅकवर निकामी का होतात, तेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या वाहन पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कार ट्रॅकवर चालवण्यावर लेख आला तो आवडीने वाचला, इंजिन, एक्झॉस्ट, टायर सगळ्यावर भरभरून लिहिलंय पण ब्रेकवर फक्त एक वाक्य, की कमी पडले तर मोठ्या डिस्कचा किट टाका (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, तिच्यावर पॅड दाबले की गाडी थांबते). माझा आक्षेप नेमका इथे आहे. हे वाचून कोणीतरी खरंच किट टाकेल आणि आतलं ब्रेक ऑइल मात्र कित्येक वर्षांपूर्वीचंच राहील, आणि ती गाडी भर वेगात वळणाशी येईल तेव्हा पेडल सरळ फ्लोअरला जाऊन टेकेल.

आधी उष्णता किती तयार होते ते बघा. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक मारला की ती बहुतेक सगळी डिस्क आणि पॅडमध्येच जाते. समजा १२०० किलोची गाडी १८० वरून ७२ किमी वेगावर आणली, पुढच्या दोन डिस्क साधारण ५-५ किलोच्या धरल्या आणि ७० टक्के काम त्यांनीच केलं, तर एका ब्रेकिंगमध्ये डिस्कचं तापमान १९० अंशांच्या आसपास चढतं. नीट गार व्हायच्या आत पुढचं वळण येतं, मग अजून चढतं, असं लॅपमागून लॅप. जुन्या गाड्यांच्या डिस्क मुळातच लहान, काहींच्या तर सलग म्हणजे मधे हवा जायला जागाच नाही, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या लॅपला रडगाणं सुरू होतं यात नवल नाही.

पण "ब्रेक गेले" म्हणजे दरवेळी एकच आजार नसतो, आणि तुमच्या लेखात हेच राहिलं. पेडल कडक आहे, पाय जीव खाऊन दाबतोय तरी गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापलेत. रस्त्यावरचे साधे पॅड साधारण ३५०-४०० अंशांच्या पुढे ढेपाळायला लागतात, तिथे ट्रॅकसाठीचे पॅड हवेत (ते गार असताना कमी पकडतात हेही सांगायला हवं) आणि नवे पॅड नीट बेडिंग करूनच (म्हणजे आधी हळूहळू तापवून डिस्कवर बसवूनच) न्यावेत, नाहीतर पहिल्यांदा तापल्यावर त्यांच्यातूनच गॅस निघतो. याउलट पेडल मऊ पडून खोल जायला लागलं तर ऑइल उकळलंय, त्यात वाफेचे बुडबुडे झालेत आणि बुडबुडे दाबले जातात, म्हणून ऑइलमधून पॅडपर्यंत जाणारा पेडलचा जोर पोचतच नाही. अशा वेळी भराभर पंप करा, गिअर उतरवा, बाहेर या. गार झाल्यावर पेडल परत कडक लागतं आणि लोक खुशाल पुन्हा ट्रॅकवर जातात, ही सगळ्यात वाईट गोष्ट, कारण ते ऑइल आता पुन्हा उकळणारच, ते काढून नवं भरून हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नये.

ऑइलचं गणित सोपं आहे. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि ३.७ टक्के पाणी शिरलं की तीच किमान हद्द १५५ वर येते. गाडी वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवली तरी हे होतच राहतं, उलट जुन्या गाड्या उभ्याच जास्त असतात म्हणून त्यांना धोका जास्त. रेसिंगसाठीचं चांगलं ऑइल ३०० अंशांच्या वर जातं आणि किटच्या मानाने खर्च काहीच नाही. फक्त डॉट ५ म्हणजे सिलिकॉनवालं त्यात मिसळू नका, ते वेगळंच रसायन आहे.

आणखी एक, जुन्या गाडीचं ब्लीडिंग करताना, म्हणजे ऑइलमधली हवा काढताना, पेडल पार खालपर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) ज्या भागात सील रोज जात नाही तिथे गंज असतो, तिथे गेलं की सील फाटतं, म्हणजे दुरुस्ती करायला गेलो आणि नवा बिघाड घेऊन आलो. कॅलिपरचे (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचे) स्लाइड पिन, ज्यांवर ती सरकते, अडकलेले असतील तर एका बाजूचा पॅड सतत घासत राहतो, तो कितीही महाग घातला तरी जळणारच. आणि पेडल फक्त वळणानंतर पहिल्या दाबाला लांब जातंय, दुसऱ्याला ठीक, तर ऑइलला दोष देऊ नका, व्हील बेअरिंग ढिली झाली असेल, डिस्क डुलते आणि पॅड मागे ढकलले जातात. पॅड अर्धे झिजले की बदला, पातळ पॅडमधून उष्णता सरळ पिस्टनकडे आणि ऑइलकडे जाते. हे सगळं नीट असूनही फेड होत असेल, म्हणजे तापून ब्रेकची पकड कमी होत असेल, तर पुढच्या डिस्कला हवा पोचवणारे डक्ट लावा, आणि मग खुशाल मोठ्या किटचा विचार करा, माझं काही म्हणणं नाही.

ब्रेक हा रुक्ष विषय, वाचक कंटाळतील असं वाटत असेल तर १९५३ ची ल मान्सची २४ तासांची शर्यत आठवा. जॅग्वारची सी-टाइप डिस्क ब्रेक घेऊन उतरली, फेरारीकडे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते, आणि जॅग्वारवाले लॅपमागून लॅप उशिरा ब्रेक मारत जिंकले. जास्त हॉर्सपॉवरने नव्हे!

म्हणून विनंती दोन. पुढच्या पुरवणीत ब्रेकवर पूर्ण पान द्या, चांगल्या मेकॅनिककडून लिहून घ्या. आणि ट्रॅक डे (आपापली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस) भरवणाऱ्यांना तुमच्या पेपरातून सांगा की हेल्मेट आणि टायर तपासता तसं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हेही विचारा, आणि सेशन संपल्यावर एक लॅप ब्रेक जवळपास न वापरता गाडी गार करत आणायची, पिटमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबतात तिथे) हँडब्रेक ओढायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडाचा ठोकळा लावायचा, हे सकाळच्या सूचनांमध्येच सांगा. उभ्या गाडीत वारा लागत नाही, डिस्कची सगळी उष्णता कॅलिपरमध्ये शिरते आणि ऑइल तिथेच उभ्या उभ्या उकळू शकतं.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक