वरच्या मजल्यावरील घरघंटीबाबत अध्यक्षांना पत्र

दिनांक : १४ मे २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
नंदुरबार.

विषय : सदनिका क्र. ३०३ मधील घरघंटी रात्री उशिरा चालविण्याबाबत.

महोदय,

मी सदनिका क्र. २०३ मध्ये गेली सहा वर्षे राहत आहे. माझ्या डोक्यावरच्या सदनिकेत मार्चपासून रात्री साडेदहाच्या सुमारास घरघंटी सुरू होते आणि बहुधा साडेबारापर्यंत चालते. दळण कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचे असते, आणि पापड-बिबड्यांचा हंगाम असल्यामुळे बाहेरचीही मागणी असावी, असे जिन्यातून खाली जाणाऱ्या पिठाच्या पिशव्यांवरून दिसते. जिन्यात दरवळणाऱ्या ज्वारी-उडदाच्या वासाबद्दल माझी मुळीच तक्रार नाही.

त्रास आहे तो आवाजापेक्षा थरथरीचा. परवा रात्री ओट्यावर पालथा घातलेला स्टीलचा पेला सरकत सरकत गॅसच्या शेगडीला जाऊन टेकला आणि थंडीने दात वाजावेत तसा दळण संपेपर्यंत वाजत राहिला. पलंग भिंतीपासून वीतभर ओढून पाहिला, कानांत कापूस घालून पाहिला; पण स्लॅबमधून उतरणारी घरघर कानांनी ऐकू येत नाही, ती हाडांत जाणवते, तिला कापूस काय करणार?

ही थरथर मला ओळखीची आहे. नोकरीची काही वर्षे मी आरोग्य सेविका म्हणून नर्मदेच्या पाण्यातल्या तरंगत्या दवाखान्यावर काढली. सरदार सरोवराच्या बुडिताची झळ आपल्या जिल्ह्यातील अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतल्या ३३ गावांना लागली, आणि रस्ता संपे तिथून पुढे आम्ही बोटीने जात असू व कित्येक रात्री बोटीवरच मुक्काम करीत असू. लोखंडी बोटीत एका टोकाला कुणी बादली आपटली की दुसऱ्या टोकाला झोपलेल्याच्या उशीत ती वाजते. त्यातच रात्री पाण्यालगतची हवा गार होऊन आवाज वर न जाता खालीच वळतो, त्यामुळे पलीकडच्या काठावरचे बोलणेही शेजारी बसून बोलल्यासारखे ऐकू येते.

तिथेही आम्हांला शेजारी होता. प्रवासी बोट चालविणारा एक जण रात्री आपली बोट आमच्या बोटीला बांधून ठेवी, मध्ये टायर लावत नसे आणि पहाटे साडेचारला इंजिन तापवीत बसे. रात्रभर लोखंडावर लोखंड आदळायचे. पहिला आठवडा आम्ही सगळ्यांनी तोंड फुगवून काढला, आणि त्याचा उपयोग शून्य झाला. मग आमच्या बोटचालकाने त्याला चहाला बोलावले व पहिला प्रश्न विचारला, की तुला पहाटे किती वाजता निघावे लागते? त्या एका चहात ठरले, की त्याने बाहेरच्या बाजूला बांधायचे, मध्ये ट्रकचे दोन जुने टायर लटकवायचे आणि दोराला हात लावण्यापूर्वी हाक मारायची. धरणाचे पाणी चढते-उतरते, दोर वेळेवर सैल करावे लागतात, त्यामुळे एकमेकांशी अबोला धरून तिथे रात्र काढताच येत नसे. आमचे स्वतःचे जनित्रही आम्ही रात्री दहाला बंद करीत असू, लशी शीतपेटीत राहत. आणि जनित्राच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे होते, म्हणून दिवसासुद्धा त्याची थरथर पत्र्यात फारशी उतरत नसे.

हाच उपाय मी वरच्या कुटुंबाला सुचविला. दोनदा वर जाऊन आले. सूनबाई नम्रपणे म्हणाल्या, ‘आक्का, पोटना धंदा शे,’ आणि ते मला पटते, कारण दिवसभर त्या दुसरीकडे कामाला जातात हे मी पाहते. तिसऱ्यांदा मात्र त्यांच्या यजमानांनी ‘आम्ही आमच्या घरात दळतो, रस्त्यावर नाही,’ असे म्हणून दार लावून घेतले, आणि त्या रात्री घरघंटी एक वाजेपर्यंत चालली.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ असून निवासी भागात तेव्हा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे आपण जाणताच. इतर सभासदांना उपद्रव होईल असे वर्तन रोखण्याचा अधिकार उपविधींनी समितीला दिलेला आहे. तरीही पोलिसांत जाण्याची किंवा कुणाचा धंदा बंद पाडण्याची माझी इच्छा नाही. ज्यांच्या डोक्यावर आपण राहतो त्यांना रात्री झोप लागते की नाही, एवढा विचार त्यांनी करावा, इतकीच अपेक्षा आहे.

म्हणून विनंती अशी, की समितीने दोन्ही घरांना एकत्र बसवावे आणि दळणाची शेवटची वेळ रात्री साडेनऊ ठरवून द्यावी. घरघंटी भिंतीपासून दूर ठेवावी आणि तिचे चारही पाय फरशीवर सारखे टेकतात का, हेही पाहावे, कारण एक पाय अधांतरी असला तरी खडखड दुप्पट होते. त्यांना कामावरून यायला उशीर होत असेल, तर रविवारी दुपारी त्यांनी हवे तेवढे दळावे. त्या वेळी मी एक शब्दही बोलणार नाही.

गॅरेजवाल्याकडून ट्रकच्या टायरचे चार तुकडे कापून आणले आहेत, ते माझ्या गॅलरीत पडून आहेत. आपण दिवस कळवावा, म्हणजे वर येताना ते सोबत घेऊन येईन.

कळावे,

आपली विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. २०३