गारपिटीच्या इशाऱ्यांचा तालुकावार हिशेब हवा

संपादक महोदय,

हरभरा काढणीला आला, मोसंबीच्या आंबिया बहराला फळ धरू लागले की मराठवाड्यात गारपिटीचे इशारे सुरू होतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोणी विसरलेले नाही, त्यामुळे प्रत्येक इशाऱ्याला काळजात धस्स होते. मात्र हंगाम सरल्यावर यातले किती इशारे खरे ठरले, किती फुकट गेले आणि किती वेळा इशारा नसताना गारा पडल्या, याचा तालुकावार हिशेब शेतकऱ्यापर्यंत येत नाही. तो यायला हवा.

इशाऱ्यातल्या ‘तुरळक ठिकाणी’ याचा हवामान खात्याच्या परिभाषेतला अर्थ त्या क्षेत्रातल्या २५ टक्क्यांपर्यंत हवामान केंद्रांवर, असा आहे. गारांचा पट्टा अनेकदा जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो. अंबडला गारा पडल्या आणि भोकरदन कोरडे राहिले, तरी जालना जिल्ह्याचा अंदाज बरोबरच ठरतो. भोकरदनच्या शेतकऱ्याने मात्र घाईने हरभरा उपटलेला असतो.

रडारचीही मर्यादा आहे. मुंबईतल्या हवामान रडारपासून छत्रपती संभाजीनगरचे सरळ अंतर सुमारे २७५ किलोमीटर. क्षितिजापासून अर्धा अंश वर सोडलेली रडारची लहर २५० किलोमीटरवर येईपर्यंत जवळजवळ सहा किलोमीटर उंच गेलेली असते. ढगाच्या खालच्या भागात काय चालले आहे, ते तिला दिसतच नाही.

हिशेब मांडताना ‘९० टक्के अचूक’ अशा आकड्यावर भाळू नये. अमेरिकेत १८८४ साली फिनली यांनी चक्रीवादळांचे (टोर्नेडो) २८०३ अंदाज दिले आणि ९६.६ टक्के बरोबर आल्याचे सांगितले. गिल्बर्ट यांनी लगेच दाखवून दिले की रोज डोळे मिटून ‘वादळ नाही’ म्हटले असते, तर ९८.२ टक्के बरोबर आले असते! खरी परीक्षा वेगळीच होती : ५१ पैकी २८ वादळे पकडली, २३ निसटली, आणि ‘वादळ होणार’ म्हणून दिलेल्या १०० इशाऱ्यांपैकी ७२ वाया गेले. गारपीटही अशीच क्वचित होणारी गोष्ट आहे. म्हणून पकडलेल्या गारपिटी, निसटलेल्या गारपिटी आणि वाया गेलेले इशारे यांचे आकडे वेगवेगळे द्यावेत. चार दिवस आधीचा इशारा आणि तीन तासांचा तातडीचा इशारा यांचीही सरमिसळ नको. पहिल्यावर काढणी ठरते, दुसऱ्यावर फार तर ढिगावर ताडपत्री पडते.

सगळ्यात कच्चा दुवा नोंदीचा आहे. महसूल मंडळातले स्वयंचलित केंद्र पाऊस मोजते, गारा नाही. गारा त्याच्या नरसाळ्यात अडकतात, वितळल्यावर पाणी मोजले जाते. म्हणजे वेळही चुकते. मदतीसाठी ३३ टक्के नुकसानीची अट असल्याने त्याखालचे नुकसान आणि पीक निघालेल्या रानातल्या गारा बहुधा कागदावर येतच नाहीत. मग इशारा खरा ठरूनही वाया गेलेल्यांत मोजला जातो.

यावर स्वस्त उपाय आहे. एक इंच जाडीचा, फूटभर लांब-रुंद थर्माकोलचा तुकडा पाटी म्हणून घ्यावा. त्यावर जाड अॅल्युमिनियम फॉइल चापून गुंडाळावी, मागून चिकटपट्टी लावावी आणि झाड-भिंतीपासून दूर, मोकळ्यात खांबावर आडवा, सपाट बसवावा. गार पडली की खळगा उठतो. खळग्याच्या रुंदीवरून गारेचा आकार कळतो. पाटीवर उत्तर दिशेची खूण आणि गारा सुरू झाल्याची वेळ लिहावी, प्रत्येक गारपिटीनंतर तुकडा बदलावा. जुन्यावर नवे खळगे पडले की काहीच कळत नाही. इशारा असूनही पाटी कोरी राहिली, तर तीही नोंद तितकीच मोलाची.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि कृषी विभागाने गावोगावच्या शाळांमधून अशा पाट्या लावून घ्याव्यात. फेब्रुवारी ते एप्रिलचे इशारे आणि पाट्यांच्या नोंदी शेजारीशेजारी मांडून आपण मे महिन्यात तालुकावार छापाव्यात, ही विनंती.

– एक कृषी हवामान अभ्यासक, परभणी