मुंग्या आल्या म्हणजे पावडर लागू पडली?

महोदय,

फोंड्यातल्या जिममध्ये सध्या बीटा-ॲलनिन या व्यायामासाठी घेतल्या जाणाऱ्या अमिनो आम्लाच्या पावडरीच्या डब्यांची चलती आहे. पाण्यात ढवळून प्यायले की थोड्या वेळाने पोरांच्या तोंडाला, कानांच्या पाळ्यांना मुंग्या येतात आणि प्रशिक्षक खुशाल सांगतात, ‘बघ, लागू पडली!’ तसे काही नसते. त्या मुंग्या त्वचेतल्या मज्जातंतूंच्या. स्नायूंच्या ताकदीशी त्यांचा संबंध नाही.

या पावडरीचे खरे काम संथ चालते. तिच्यामुळे स्नायूंतले कार्नोसिन नावाचे द्रव्य वाढते आणि जोराच्या व्यायामात साचणारे आम्ल ते काही अंशी शमवते. संशोधनात ती रोज ४ ते ६ ग्रॅम, निदान २ ते ४ आठवडे दिली जाते. फायदा दिसतो तो मुख्यतः १ ते ४ मिनिटांच्या दमछाक करणाऱ्या कसरतीत, तोही थोडाच. ८०० मीटर धावणाऱ्याने विचार करावा. ट्रेडमिलवर रमतगमत चालणाऱ्याला ती काय करायची आहे?

काही ठिकाणी ही पावडर लेबल नसलेल्या सुट्या पुड्यांतून शाळकरी मुलांनाही विकली जाते. अन्न व औषध प्रशासनाने एकदा तिकडे फेरी मारावी.

– एक पालक, फोंडा