पंढरपुरी म्हशीची कांडी कधी येणार, मंत्रिमहोदय?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

काल पहाटे गोठ्यात गेले तर माझी म्हैस चंद्रा रेकत होती, काचेसारखा सोट (चिकट स्राव) टाकत होती, माजावर आली होती. म्हणजे गाभण राहिलीच नाही, तिसऱ्यांदा उलटली. कृत्रिम रेतनाने भरवून घेण्यासाठी लगेच दवाखान्यात फोन लावला. उत्तर आलं, "कांड्या थंड ठेवायचा नायट्रोजन संपलाय, सोमवारी बघू." कांडी म्हणजे रेड्याच्या गोठवलेल्या वीर्याची नळी. सोमवारपर्यंत म्हशीचा माज थांबतो का, साहेब?

गेल्या वर्षी दूध उत्पादकांच्या मेळाव्यात आपल्या खात्याच्या अधिकाऱ्यांनी माईकवरून शब्द दिला होता, की पाडव्यापर्यंत पंढरपुरी रेड्याची कांडी, तीही पारडीच होणारी, गावच्या दवाखान्यात मिळेल. मी पुढच्याच रांगेत होते, टाळ्याही वाजवल्या. पाडवा होऊन गेला. मागितली की हरियाणाकडच्या मुऱ्हा जातीची कांडी पुढे करतात. मुऱ्हा वाईट नाही, पण आमच्या कोल्हापुरात कट्ट्यावर गिऱ्हाईक समोर उभं असताना दिवसातून अनेकदा पान्हा सोडते ती पंढरपुरीच. दिवाळी पाडव्याला शिंगं रंगवून मालकाच्या मोटारसायकलमागे धावते ती हीच. ती जात मुऱ्हात मिसळून संपली, तर पुन्हा कुठून आणणार?

पैसा नाही असं सांगू नका. देशी गाई-म्हशींच्या जाती सुधारण्याच्या केंद्राच्या योजनेला, राष्ट्रीय गोकुळ मिशनला, 2021 ते 2026 साठी 2400 कोटी होते, मार्च 2025 मध्ये ते 3400 कोटी केले. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्याच वाशिममध्ये म्हशींची 'महिष चिप' जाहीर झाली. रक्ताच्या थेंबावरून कोणती पारडी जास्त दूध देईल ते कळणार, असं ऐकलं. मला आनंदच झाला. संशोधनाला पैसा द्याच, आहे त्याहून जास्त द्या. शेतीतून देशाला मिळणाऱ्या शंभर रुपयांमागे अर्धा रुपयाही शेती संशोधनाला मिळत नाही, याची लाज वाटायला हवी.

पण त्या संशोधनाचं शेवटी काय होतं ते मी माझ्या दारात पाहिलं आहे. मागच्या खेपेला म्हैस भरवणारा पोरगा माज सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी आला. उणे 196 अंशांतली कांडी वितळवायला 37 अंशांचं पाणी लागतं, अर्धा मिनिट. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हता. त्यानं माझ्याकडून चहाचा पेला मागून घेतला, त्यात ऊन पाणी ओतलं आणि बोट बुडवून म्हणाला, "चालतंय." कोट्यवधींचं संशोधन माझ्या चहाच्या पेल्यात बुडालं. त्या पोराला मी दोष देत नाही. तो कंत्राटी, गावं पंधरा, पेट्रोल स्वतःचं.

मालक गेल्यापासून या दोन म्हशींवर घर आहे. चंद्रा आटली. भाकड म्हैस पेंड कमी खात नाही. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता दुधाच्या बिलातून कापून घेतात, आता बिलच तुटपुंजं, तरी हप्ता उभाच. थोरलीची नर्सिंगची फी भरायची राहिली आहे. रात्री झोप लागत नाही, आणि लागली तरी पहाटे तीनला म्हैस रेकली असं वाटून उठते.

उसाचंही तेच. आमच्या शिवारात अजून 86032 हाच वाण उभा आहे. आकडाच सांगतो, 1986 ची निवड. माझी मुलगी जन्मायच्या कितीतरी आधीची. नवं वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात हे मान्य, पण निधी वर्षाच्या हिशेबाने, तोही मार्चअखेर देऊन दहा वर्षांचं काम कसं उभं राहणार? निवडणुकीच्या घोषणांना पैसा एका रात्रीत निघतो. शास्त्रज्ञाची रिकामी जागा भरायला मात्र वर्षानुवर्षं फाईल फिरते. कारखाना, संघ, सरकार, सगळ्यांना आमचं दूध आणि आमचा ऊस हवा, आमचा गोठा कुणाला दिसत नाही.

मला अनुदान नको. पंढरपुरीची कांडी, नायट्रोजन भरलेला कंटेनर, आणि त्या पोराच्या हातात थर्मामीटर, एवढं द्या. पुढचा माज 21 दिवसांनी. तारीख मी गोठ्याच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवली आहे.

आपली,
एक म्हैसपालक
ता. करवीर, जि. कोल्हापूर