खालच्या लाल दिव्याबद्दल, ताईंना

नमस्कार ताई,

तुमची परवानगी घेतलेली नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारी दहा एलईडी दिव्यांची पट्टी मी बनवली आहे. टाकी तळाला गेली की तिच्यातला सर्वांत खालचा दिवा लुकलुकायला हवा, पण तो लगेच थांबायचा. आता तो न थांबता लुकलुकतो. हे तुमच्यामुळे झालं.

तुमच्याआधी ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकानेही कोड मागितला नाही. एक म्हणाले, पॉवर सप्लाय बदला. दुसऱ्यांनी नवा रास्पबेरी पाय (पट्टी चालवणारा छोटा संगणक) घ्यायला सांगितलं. तिसऱ्यांचं मत असं, की युजरस्पेसमधून, म्हणजे साध्या प्रोग्राममधून, एलईडी चालवणं हाच मूर्खपणा, कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्यात बसणारा कोड) लिहा. हार्डवेअरमध्ये खोट नव्हतीच: १० दिवे, ते चालवणाऱ्या दोन ७४एचसी५९५ चिप, प्रत्येक दिव्याला ३३० ओहमचा रोधक. ३.३ व्होल्टवर लाल दिवा जेमतेम ४ मिलीअँपिअर घेतो, त्यात चिप तापायचंही कारण नाही.

तुम्ही एकच विचारलंत: "ब्राइटनेसमध्ये शून्य लिहिल्यावर ट्रिगरची फाइल वाचून पाहिलीत का?"

सगळं तिथेच होतं. लिनक्समध्ये प्रत्येक दिव्याच्या नावाने फाइली असतात: 'ब्राइटनेस'मध्ये आकडा लिहिला की दिवा लागतो किंवा विझतो, आणि 'ट्रिगर'मध्ये दिवा आपोआप कशाने चालावा ते ठरतं; 'टायमर' हा ट्रिगर त्याला लुकलुकवतो. प्रोग्राम दर सेकंदाला दहाही दिव्यांच्या ब्राइटनेसमध्ये आधी शून्य लिहायचा आणि मग हवे तेवढे लावायचा. लिनक्सच्या एलईडी व्यवस्थेत शून्य लिहिणं म्हणजे दिवा विझवणं आणि त्याचा ट्रिगरही काढून टाकणं. खालच्या दिव्यावरचा टायमर पहिल्याच फेरीत जायचा. टायमर गेला की दिवा किती वेळ लागावा आणि विझावा हे ठरवणाऱ्या 'डिले ऑन' आणि 'डिले ऑफ' या फाइलीही नाहीशा होतात, म्हणून पुढे "अशी फाइल नाही" ही चूक यायची. ती वाचून सगळे परवानग्या तपासत बसले.

पण मनात राहिलं ते वहीचं पान. उत्तर देण्याआधी तुम्ही ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायच्या पाटीवर) एक दिवा जोडून स्वतः करून पाहिलंत आणि पानाचा फोटो पाठवलात. डावीकडे काय लिहिलं, उजवीकडे ट्रिगरच्या फाइलीत चालू ट्रिगर दाखवणारा चौकटी कंस कुठे दिसला. शून्य लिहिताच कंस 'टायमर'वरून 'नन'वर, म्हणजे 'कोणताही नाही'वर, गेलेला, आणि त्याखाली पेन्सिलची रेघ. अनोळखी माणसाच्या दिव्यासाठी कुणी एवढं करतं! ज्याला खरंच येतं, तो समोरच्याला लहान करत नाही. अशी माणसं आहेत म्हणून या क्षेत्रात नवं कुणी टिकतं.

आता प्रोग्राम आधीची पातळी लक्षात ठेवतो आणि बदललेल्याच दिव्यांना हात लावतो. दर फेरीला पट्टी क्षणभर विझल्यासारखी दिसायची तेही थांबलं, कारण आधी प्रत्येक दिव्यामागे एसपीआय या चिपपर्यंतच्या डेटा-जोडणीवरून १६ बिट पुन्हा जायचे. खालचा दिवा पूर्णपणे ट्रिगरच्या ताब्यात आहे: आधी 'टायमर' लिहायचा, मगच 'डिले ऑन'मध्ये २०० आणि 'डिले ऑफ'मध्ये ८०० मिलिसेकंद. पंप चालू असताना पाणी हलून एखादा दिवा सीमेवर फडफडायचा, त्याला दोन टक्क्यांची ढील दिली. ७४एचसी५९५च्या आउटपुट एनेबल पिनला (चिपचे आउटपुट चालू-बंद करणारी पिन) १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे ती सुरुवातीला बंद ठेवणारा रोधक, लावून ती पिन चिप चालवणाऱ्या लिनक्स ड्रायव्हरच्या ताब्यात दिली, त्यामुळे वीज येताच वाटेल ते दिवे लागत नाहीत. ही सूचनाही तुमच्या त्याच पानाच्या कोपऱ्यात होती.

ते पान छापून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे.

तुमचे ऋणी,
टाकीची देखभाल करणारे